सातबारा कुणाच्या नावावर?

पुण्यात तुम्ही टेस्टर असता, डेव्हलपर असता, नाहीतर बेंचवर असता. गावाकडे मात्र तुम्ही फक्त ‘कम्प्युटरवाले’ असता! प्रिंटर अडकला, मोबाइल हँग झाला, पीकविम्याचा फॉर्म भरायचाय... करा फोन. त्यामुळे डिसेंबरातल्या एका शुक्रवारी भिगवणहून मामेभावाचा फोन आला, तेव्हा मी मनाची तयारी करूनच तो उचलला. पण दादाचा आवाज वेगळाच लागला होता.

‘‘आरं, आपली वेबसाइट गेली.’’

‘‘गेली म्हणजे? डाऊन आहे?’’

‘‘गेली म्हंजी गेली. तिथं भलत्याच जाहिराती दिसत्यात.’’

भिगवण म्हणजे इंदापूर तालुक्याचं पुण्याकडचं टोक. उजनी धरणाचं पाणी इथपर्यंत पसरलेलं. हिवाळ्यात फ्लेमिंगो उतरतात, पुण्यामुंबईचे कॅमेरावाले पहाटेच हजर होतात, होडीतून फिरतात, दुपारी चिलापी फ्रायवर ताव मारतात आणि परत निघतात. दादाच्या २ होड्या आणि घराला लागून ३ खोल्या. वर्षाची खरी कमाई डिसेंबर ते मार्च. आणि नेमकी डिसेंबरातच वेबसाइट गुल!

शनिवारी सकाळी सोलापूर हायवे धरला. वहिनींनी चहा टाकेपर्यंत मी लॅपटॉप उघडून बघितलं. तीन वर्षांपूर्वी दादानं एका ओळखीच्या पोराला १२,००० रुपये दिले होते. ‘सगळं त्यात आलं’ असं तोंडी ठरलेलं. पोरानं साइट छान केली होती, त्यात वाद नाही. पण डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, नोंदवलं स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ई-मेलवर. पुढे तो गाव सोडून गेला, नंबर बदलला. मुदत संपत आल्याच्या सूचना त्याच्या मेलबॉक्समध्ये पडत राहिल्या. मुदत संपल्यावरही साधारण महिनाभर नेहमीच्या दरानं आणि त्यानंतर आणखी काही दिवस दंड भरून नाव सोडवता येतं. पण नोंद ज्याच्या नावावर, त्यालाच! ते सगळे दिवस निघून गेले होते. नाव तिसऱ्यानंच उचललं होतं.

हे सगळं मी रजिस्ट्रार, रिन्यूअल, रिडेम्प्शन अशा शब्दांत समजावत होतो. दादा शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, ‘‘म्हंजी कसत होतो आम्ही आन् सातबारा त्याच्या नावावर. आम्ही नुसतं कूळच की!’’

बॉस, चार वर्षं इंजिनीअरिंग करून मला एवढं नेमकं सांगता आलं नसतं.

नुकसान किती? डोमेनचं वर्षाचं भाडं हजाराच्या आसपास. पण तेच नाव हायवेवरच्या रंगवलेल्या बोर्डावर होतं, ५०० व्हिजिटिंग कार्डांवर होतं आणि बुकिंगचा ई-मेलही त्याच नावाचा होता. बारामती एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या पिकनिकची चौकशी त्या बंद पडलेल्या मेलवर गेली. ते कळलं जानेवारीत, पिकनिक दुसरीकडे होऊन गेल्यावर. वहिनी त्या दिवशी जेवल्या नाहीत नीट.

३ खोल्यांच्या धंद्याला वेबसाइट हवीच कशाला, असं मलाही वाटायचं. गुगलच्या नकाशावरची नोंद फुकट असते आणि एकटादुकटा पाहुणा तिच्यावरूनच येतो. पण कंपनीच्या एचआरवाल्याला साहेबांना दाखवायला काहीतरी लागतं. दर, खोल्यांचे फोटो, जीएसटी नंबर, नीट ई-मेल. ३० माणसांचं एक बुकिंग म्हणजे दादाचे ३ वीकएन्ड. तेव्हा वेबसाइट हवी, हे ठरलं.

मग कोटेशन्स आली. पुण्याच्या एजन्सीचं ९०,०००. त्यात बुकिंग इंजिन, चॅटबॉट आणि ‘एसएसएल सर्टिफिकेट’चे ४,००० वेगळे. हे सर्टिफिकेट, म्हणजे पत्त्याआधीचं ते छोटं कुलूप, लेट्स एन्क्रिप्टसारख्या संस्थेमुळे २०१६पासून कुणालाही फुकट मिळतं! आणि ३ खोल्यांना बुकिंग इंजिन? कोणती खोली रिकामी आहे ते वहिनी स्वयंपाकघरातून सांगतात. ॲडव्हान्स यूपीआयवर येतो, त्यावर कमिशन नाही. कार्डाचं पेमेंट गेटवे घेतलं असतं तर शंभरातले साधारण २ रुपये तिकडे गेले असते.

दुसरं कोटेशन बारामतीत शिकणाऱ्या एका इंजिनीअरिंगच्या मुलीचं, १८,०००. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘फोटो तुमचे स्वतःचे आहेत का?’’ नव्हते! जुन्या साइटवरचे फ्लेमिंगो नेटवरून उचललेले होते, कुठल्या देशातले होते देव जाणे. मी मनातल्या मनात तिलाच काम देऊन टाकलं.

रात्री ओट्यावर बसून वहीत हिशेब मांडला. मी एका वर्षाचा मांडत होतो, दादानं ३ वर्षांचा मांडायला लावला. ‘‘होडी घेतली की डिझेल लागतंच, इंजिनचं काम निघतंच. हिचं डिझेल किती?’’

साइट बांधणी १८,०००. डोमेन ३ वर्षांचं ३,०००. होस्टिंग पहिल्या वर्षी निम्म्या दरात मिळतं, पण आम्ही रिन्यूअलचाच दर धरला, ४,०००, म्हणजे १२,०००. पक्ष्यांचे आणि खोल्यांचे फोटो काढून घ्यायला ५,०००. देखभाल महिना ५००. पहिलं वर्ष बांधणीत धरलेलं, पुढच्या दोन वर्षांचे १२,०००. बेरीज ५०,०००! नुसत्या बांधणीच्या जवळजवळ तिप्पट. दादानं वही दोनदा उलटसुलट केली आणि म्हणाला, ‘‘परवडंल. पर मागच्या टायमाला हे कुणी सांगितलंच न्हाई.’’ मजकुराचा खर्च शून्य दिसतो, कारण तो वहिनींनी लिहिला. रात्री भांडी आवरल्यावर, सलग १५ दिवस. तो वहीत धरायचा राहिलाच.

आणखी एक गोष्ट आम्ही शिकलो. रजिस्ट्रारकडे द्यायचा ई-मेल त्याच डोमेनचा नसावा. नाव गेलं की मेलही जातो, मग सूचना पोचणार कुठे? दादाचं साधं जीमेल दिलं, ओटीपी त्याच्याच मोबाइलवर. वहिनींना नाव देवनागरीतच हवं होतं. २०१४पासून ‘.भारत’ मिळतं, पण मुंबईचा पाहुणा इंग्रजीतच टाइप करणार म्हणून मुख्य नाव ‘.इन’चं घेतलं आणि देवनागरी सध्या बोर्डावरच राहिलं.

फेब्रुवारीत साइट सुरू झाली. अर्धा सीझन गेलाच होता. मार्चमध्ये एका कंपनीचं २२ माणसांचं बुकिंग आलं, तेव्हा वहिनींचा फोन आला. दादानं डोमेनच्या पावतीचा प्रिंटआउट काढून आणलाय म्हणे आणि पत्र्याच्या पेटीत, सातबाऱ्याच्या फायलीत लावलाय. वर लाल पेनानं रिन्यूअलची तारीख.