आधी टायर, मग सस्पेन्शन



‘गाडी वळणावर झुलते, तेव्हा आधी कडक स्प्रिंगा बसवा’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सल्ला मला पटला नाही. उधना-लिंबायतची आम्ही खानदेशी मंडळी पावसाळ्यातही नवापूर, कोंडाईबारी घाटातून धुळ्याला जातो. ओल्या उतारावर ब्रेक दाबला की सगळी भिस्त रस्त्याला टेकलेल्या चार तळहाताएवढ्या रबरावर असते. ते रबर कडक झालेले असेल, तर महागडे सस्पेन्शन काय करणार?

कायद्याने टायरवरची खाच किमान १.६ मिमी खोल हवी. पण पाणी बाहेर फेकण्याची ताकद त्याआधीच बरीच घटते. मी तर ३ मिमीलाच टायर बदलावेत म्हणेन. वयही पाहावे. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात : २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. दुकानदार ‘नवाच माल’ म्हणतो तेव्हा हे जरूर वाचावे!

शॉक अ‍ॅब्सॉर्बरमधून तेल गळत असेल किंवा टायर ठिकठिकाणी खड्ड्यांसारखा झिजत असेल, तर शॉक आधी बदलावेत, हे मान्य. पण ती झाली दुरुस्ती, हौस नव्हे. मेट्रोसाठी उकरलेल्या सुरतेच्या रस्त्यांवर बुटक्या, कडक स्प्रिंगा म्हणजे मणक्याला शिक्षा आणि गाडीचे पोट घासणार ते वेगळेच.

टायरही उगाच रुंद घेऊ नयेत. साचलेल्या पाण्यावर ते लवकर तरंगतात. कंपनीने दिलेलेच माप, चांगली पकड आणि दारावरच्या तक्त्यात लिहिलेली हवा, एवढ्यावर आधी खर्च करावा.

— एक वाचक, उधना, सुरत