घर कोणाच्या नावावर?

चाकणच्या कारखान्यांत दोघंही कामाला, मोशीत फ्लॅट, हप्त्याला दोघांचा पगार. करारनाम्यावर मात्र एकट्या नवऱ्याचं नाव. आपल्या औद्योगिक पट्ट्यात असे संसार अनेक आहेत. संसार मोडला की बायको विचारते, ‘माझा अर्धा हिस्सा कुठाय?’

असा आपोआप मिळणारा अर्धा हिस्सा महाराष्ट्रात नाही. शेजारच्या गोव्यात, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर, पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्याने मालमत्ता पती-पत्नीची सामाईक ठरते. आपल्याकडे आधी कागदावरचं नाव पाहिलं जातं. हप्ते आपणही भरले, हे बँकेच्या नोंदींनी सिद्ध करावं लागतं. घर सांभाळणाऱ्या, पगार नसलेल्या बाईकडे तोही पुरावा नसतो. हा अन्याय आहे आणि तो कायद्यानेच दूर करायला हवा.

स्त्रीधन मात्र तिचंच, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात ठामपणे सांगितलं. पोटगीच्या दाव्यात दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी शपथपत्रावर मांडायची, हा २०२० चा निकाल तर नागपूर खंडपीठातून वर गेलेल्या प्रकरणातला.

परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठी हिंदू विवाह कायद्यात वर्षभर वेगळं राहण्याची अट आहे. नंतरची सहा महिन्यांची मुदत न्यायालय माफ करू शकतं. तरीही सुटका हवी म्हणून घाईने सही करू नका. फ्लॅट कोणाकडे, उरलेलं कर्ज कोण फेडणार, हे संमतीच्या अटींत लिहून घ्या; सहकर्जदाराची जबाबदारी घटस्फोटाने संपत नाही. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.