पारितोषिक आणि सन्मान
‘पारितोषिक’ आणि ‘सन्मान’ हे शब्द आपण समानार्थी मानतो. वस्तुतः पारितोषिक विजयाचे असते. त्या विजयाने समाजाला जे दिले, त्याचा सन्मान होतो. म्हणून केवळ पदकाच्या बळावर राष्ट्रीय सन्मान मागणे मला पटत नाही.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ मध्ये लोकवर्गणीच्या आधारे हेलसिंकीला गेले आणि त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. खेड्यातला मल्लही जगापुढे उभा राहू शकतो, हा विश्वास त्यांनी दिला. १९८४ मध्ये त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. सचिन तेंडुलकर यांना मात्र २०१३ मध्ये निवृत्तीच्या दिवशीच भारतरत्न जाहीर झाले.

दोघेही पात्रच; परंतु सन्मानाची वेळ प्रसिद्धीने ठरू नये.