विमानतळ एका राज्यात, आवाज दोन राज्यांत. तक्रार करायची कुणाकडे?

मोपाचं पठार जिथे संपतं, तिथून सिंधुदुर्गाची हद्द फार लांब नाही. पेडणे तालुक्यातलं मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ गोव्यात आहे, त्याची नियोजन यंत्रणा गोव्याची, महसूल आणि रोजगारही मुख्यतः गोव्याचाच. पण पूर्वेकडून उतरणारं विमान दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यावरूनच खाली येतं. साधारण तीन अंशांच्या उतारानं येणारं प्रवासी विमान धावपट्टीपासून १० किलोमीटर अंतरावर असताना तिच्या पातळीच्या जेमतेम ५०० मीटर वर असतं. खाली कोणतं राज्य आहे हे वैमानिकाच्या कामाचं नसतं. घरात झोपलेल्या माणसाला मात्र दुसऱ्या दिवशी अर्ज लिहायला बसलं की तोच प्रश्न पहिला पडतो.

सीमाभागात आणि महाराष्ट्राबाहेरच्या मराठी वस्त्यांत विमानाचा आवाज हा विषय नवा नाही. दाबोळी, सांबरा, ग्वाल्हेरचं महाराजपूर, बडोद्याचं हरणी, हैदराबादचं बेगमपेठ, प्रत्येक ठिकाणचं गाऱ्हाणं थोडं वेगळं. पण कागद हातात घेऊन पुढे गेलं की सगळे येऊन एकाच भिंतीला धडकतात. त्रास खरा असतो आणि नियम मात्र मोडलेला नसतो.

हे कसं होतं ते समजून घेतल्याशिवाय पुढचं काही बोलण्यात अर्थ नाही.

ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम बहुतेकांना गणपती आणि लग्नाच्या डीजेमुळे माहीत आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. लोक याच आकड्यांच्या आधारे विमानाची तक्रार करतात आणि तिथेच फसतात. कारण केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१८ मध्ये विमानतळ परिसरासाठी वेगळ्या मर्यादा ठरवल्या. वर्षाला ५० हजारांहून जास्त उड्डाणं-उतरणी असलेल्या गजबजलेल्या विमानतळांसाठी दिवसा ७० आणि रात्री ६५ डेसिबल. बाकीच्यांसाठी दिवसा ६५ आणि रात्री ६०. म्हणजे छोट्या विमानतळाशेजारच्या घरालाही रात्री १५ डेसिबल जास्त सोसावेत अशी कायद्याचीच अपेक्षा आहे. १५ हा आकडा किरकोळ वाटतो. पण डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नसतो. दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते, कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. ४५ वरून ६० वर जाणं म्हणजे ऊर्जेच्या भाषेत तीसपटीहून जास्त.

दुसरी गोम सरासरीची आहे, आणि खरी मेख इथेच. हे सगळे आकडे त्या क्षणाच्या आवाजाचे नसून दिवसाच्या १६ तासांच्या किंवा रात्रीच्या ८ तासांच्या सरासरीचे आहेत. हिशेबच मांडू. एखाद्या घरावरून रात्री विमान गेलं, ३० सेकंद ८५ डेसिबल आवाज झाला, बाकी रात्र शांत. आठ तासांवर पसरवलं की सरासरी येते सुमारे ५५. दोन विमानं गेली तर ५८. तीन गेली तर ६०, म्हणजे जेमतेम मर्यादेला टेकलं. घरातलं माणूस रात्रीत तीनदा दचकून उठलं, तान्हं मूल तीनदा रडलं, आणि कागदावर सगळं ठीक. दिवसाचं गणित तर आणखी सैल. ९० डेसिबलची, अर्ध्या-अर्ध्या मिनिटाची दहा विमानं गेली तरी १६ तासांची सरासरी ६७ च्या आसपास राहते. गजबजलेल्या विमानतळाच्या ७० च्या मर्यादेत ती आरामात बसते.

झोपेला सरासरी कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्येच युरोपसाठी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत विमानाचा आवाज रात्री ४० डेसिबलच्या आत असावा असं म्हटलं होतं. तीही सरासरीच आहे, पण आपल्या ६० आणि त्यांच्या ४० मध्ये जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ४० हा आकडा कुठल्याच मोठ्या शहराला झेपणारा नाही हे खरं. पण एकाच वर्षी एकीकडे ४० ची शिफारस व्हावी आणि दुसरीकडे ६० आणि ६५ चा नियम व्हावा, याची आपल्याकडे फारशी चर्चाही झाली नाही.

लढाऊ विमानांची गोष्टच वेगळी

वरचा सगळा हिशेब नागरी विमानांचा झाला. संरक्षण दलांची विमानं या मर्यादांच्या बाहेर आहेत. आणि आपल्या वाचकांच्या आसपासची निम्मी विमानतळं कुठल्या ना कुठल्या दलाशी जोडलेली आहेत. दाबोळी हा मुळात नौदलाचा आयएनएस हंसा तळ. पोर्तुगिजांनी बांधलेली धावपट्टी १९६१ नंतर नौदलाकडे आली, प्रवासी विमानं तिथे पाहुण्यासारखी. मिग-२९ के जातीची विमानं तिथून उडतात. नौदलाच्या सरावासाठी कामाच्या दिवशी सकाळचे काही तास नागरी वाहतूक बंद ठेवण्याची पद्धत वर्षानुवर्षं राहिली. परिणाम असा की प्रवासी विमानांची गर्दी दुपार, संध्याकाळ आणि रात्रीकडे सरकली. चिखली, दाबोळी, सांकवाळच्या लोकांना सकाळी लढाऊ विमान आणि रात्री प्रवासी विमान, असा दोन्ही पाळ्यांचा आवाज. यातल्या एका पाळीला मर्यादा आहे, दुसरीला नाही.

ग्वाल्हेरला मिराज-२००० चा तळ आहे. फेब्रुवारी २०१९ च्या बालाकोट मोहिमेतली मिराज तिथूनच उडाली होती. तिथल्या जुन्या मराठी घरांत या आवाजाबद्दल थोडा अभिमानही असतो, आणि तो समजण्यासारखा आहे. देशाच्या रक्षणाला लागणारा सराव बंद करा असं कुणीच म्हणत नाही. पण सरावाच्या मोठ्या सत्रांची आगाऊ कल्पना देणं, शाळांच्या परीक्षांचे दिवस सांभाळणं यासाठी कायद्याची गरज नसते. तळाच्या प्रमुखांशी जिल्हाधिकारी बोलले तर निदान विचारणा तरी होते.

सांबऱ्याचं चित्र अजून निवांत आहे. १९४२ मधली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली ही धावपट्टी, शेजारी हवाई दलाची प्रशिक्षण संस्था. २०१७ मध्ये नवी इमारत झाली, धावपट्टी वाढली, उडान योजनेने फेऱ्या आणल्या. वर्षाला ५० हजार हालचाली म्हणजे रोजच्या सुमारे १३७. बेळगाव त्याच्या आसपासही नाही. म्हणूनच आज सांबरा, मुतगा, निलजी, बाळेकुंद्री इथे आवाज हा मोठा प्रश्न वाटत नाही. पण आणखी एका मोठ्या टर्मिनलची पायाभरणी २०२४ मध्ये झाली आहे, आणि नेमका हाच काळ महत्त्वाचा.

कारण आवाजाचा प्रश्न विमानांपेक्षा जमिनीतून जास्त तयार होतो. विमानतळ आलं की रस्ता येतो, रस्ता आला की लेआउट पडतात, आणि ‘विमानतळापासून पाच मिनिटांवर’ ही ओळ जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात छापली जाते. प्लॉट घेणारा उंचीचा दाखला बघतो, कारण विमानतळ प्राधिकरणाचे रंगीत नकाशे इमारत किती उंच बांधता येईल ते सांगतात. घरात आवाज किती येईल हे तो नकाशा सांगत नाही. एनए करताना ते कुणी विचारत नाही, ग्रामपंचायत विचारत नाही, कर्ज देणारी बँकही विचारत नाही. दहा वर्षांनी फेऱ्या वाढल्या की तेच घरमालक तक्रार घेऊन येतात आणि त्यांना उत्तर मिळतं, विमानतळ आधीचं आहे, तुम्ही नंतर आलात. उत्तर चुकीचं नाही. पण बांधकाम परवाना देणारेही सरकारचेच होते ना?

हैदराबादनं हे दोन्ही बाजूंनी पाहिलं. मार्च २००८ मध्ये प्रवासी वाहतूक बेगमपेठहून शमशाबादला गेली आणि शहराच्या पोटातल्या वस्त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. शमशाबादसाठी सुमारे साडेपाच हजार एकर जमीन घेतली गेली. मोपासाठी दोन हजार एकरांच्या थोडी वर. कुंपणाच्या आतली मोकळी जमीन हाच आवाजावरचा सगळ्यात भरवशाचा इलाज. ती कमी असेल तर कुंपणाबाहेरच्या जमिनीचं नियोजन तितकंच कडक हवं. अमेरिका-युरोपात विमानतळ शेजारच्या घरांना दुहेरी काचा आणि छताचं अस्तर बसवून देतात. कौलारू छत आणि वाऱ्यासाठी उघड्या खिडक्या असलेल्या कोकणातल्या घराला त्याचा उपयोग काय? आपल्याकडे इलाज दोनच राहतात, जमीन आणि वेळापत्रक. फ्रँकफर्टसारख्या अवाढव्य विमानतळावर २०११ पासून रात्री ११ ते पहाटे ५ नियमित उड्डाणं बंद आहेत, तीही न्यायालयामुळे. म्हणजे वेळापत्रक हलूच शकत नाही असं नाही.

तक्रारींचा आकडा फसवा

तक्रारी किती आल्या यावरून त्रास मोजायचा म्हटलं तर दोन्ही बाजूंनी चूक होते. वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर २०१५ मध्ये ८,७६० तक्रारी नोंदल्या गेल्या. त्यातल्या ६,८५२ एकाच घरातून होत्या, रोज जवळजवळ १९. विमान कंपन्या हे उदाहरण आवडीने देतात. आपल्याकडे उलटं आहे. केंद्राची एअरसेवा ही व्यवस्था मुख्यतः प्रवाशांसाठी, हरवलेली बॅग आणि उशिरा सुटलेलं विमान यांच्यासाठी. कुंपणाबाहेर झोपणाऱ्या माणसाला स्वतःची अशी खिडकीच नाही. मग तक्रार नोंदली गेली नाही म्हणजे त्रास नाही, असा सोयीचा अर्थ निघतो. मोजमाप यंत्रानेच व्हायला हवं, आणि त्याचे आकडे गावाला दिसायला हवेत.

सीमेवर तर खिडक्यांचाच गुंता आहे. मोपाच्या आसपासची जमीन गोव्याच्या विमानतळ विकास प्राधिकरणाकडे, पण त्याचा अधिकार सातार्ड्याच्या पुलापलीकडे चालत नाही. पलीकडे महाराष्ट्राचं प्रदूषण मंडळ यंत्र लावू शकेल, पण गोव्यातल्या विमानतळाला आदेश देणार नाही. उड्डाणांचे मार्ग आणि पद्धती दिल्लीच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे. (सिंधुदुर्गाचं स्वतःचं चिपी विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालं आणि तिथल्या फेऱ्या रोडावल्या. शेजारच्याचा आवाज ऐकायचा आणि आपलं विमान शोधायचं, अशी गत.) बेळगावात गोष्ट भाषेपासून सुरू होते. राज्याच्या मंडळाचा कारभार कन्नडमधून, विमानतळाचा हिंदी-इंग्रजीतून, आणि तक्रारदार मराठी.

एक दार मात्र हद्द ओलांडतं. राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाकडे महाराष्ट्र, गोवा आणि गुजरात तिन्ही येतात. म्हणजे दोडामार्गचा आणि पेडण्याचा माणूस एकत्र अर्ज करू शकतो, बडोद्याचाही तिथेच जातो. बेळगाव आणि हैदराबादला चेन्नई खंडपीठ, इंदूर-ग्वाल्हेरला भोपाळ. पण लवादाच्या कायद्यात मूळ अर्जाला वादाचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिन्यांची मुदत आहे, फार तर आणखी ६० दिवस. मोपावरून पहिलं प्रवासी विमान ५ जानेवारी २०२३ ला उडालं. त्या तारखेपासून मोजलं तर मुदत केव्हाच गेली. नवी रात्रीची फेरी, बदललेला मार्ग असं नवं कारण दाखवायचं तर आधीची पातळी काय होती याची नोंद हाताशी हवी. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असतो, विमानं वाऱ्याच्या समोरून उतरतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर पूर्वेकडच्या गावांवर उतरणीचा भार जास्त येतो. ग्रामपंचायतींना नोंद करून घ्यायची असेल तर याच चार महिन्यांत, रात्री १० ते ६ या वेळेत, प्रत्येक विमानाची वेळ आणि आवाज लिहून ठेवायला हवा, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच नमुन्यात.