घोड्यांनी मेथी तुडवू नये
(माझे मत)

१९ फेब्रुवारीला शिवजयंती आहे. चौथीच्या पुस्तकात शिवाजी महाराजांचा इतिहास आहे, म्हणून नाटकाचा मान चौथीचा. कोणी तानाजी झाला, कोणी बाजीप्रभू. मला जिजाबाई व्हायचे होते. पण मला रयत केले. रयतेला एकही वाक्य नाही. डोक्यावर पाटी घेऊन मागून जायचे एवढेच काम. मी दोन दिवस रुसले होते.

सोमवारी सराव होता. कडब्याच्या ताटांचे घोडे केले होते. "हर हर महादेव" म्हणून सगळे घोडेस्वार पळत सुटले ते थेट परसबागेत. मेथीचे दोन वाफे आणि कोथिंबिरीचा एक वाफा तुडवला. वांग्याची तीन रोपे मोडली. ती मेथी आम्ही संक्रांतीनंतर पेरली होती. हात धुतलेले पाणी बादलीने नेऊन घालत होतो. या शनिवारी ती खिचडीत पडणार होती. मी ओरडले, तर मुले म्हणाली, "लढाईत असं व्हायचंच. त्यात काय एवढं?"

मला वाटते, त्यात पुष्कळ आहे.

आता माघ सरत आला. आंब्याला मोहर आला आहे, ओढ्याकाठी पळस लाल झाला आहे. सगळ्यांना हे दिवस छान वाटतात. मलाही वाटतात. पण आमचे दीड एकर रान आहे. गव्हाच्या ओंब्या आता भरत आहेत आणि विहिरीचे पाणी खाली चालले आहे. लाईट रात्री येते. मग दादा रात्री दारे धरायला जातात. कधी कधी मी बॅटरी धरायला जाते. या दिवसांत एक पाणी चुकले तरी दाणा बारीक पडतो. एवढे करून कोणी पिकातून पळत गेले तर कसे वाटेल?

घरी गेल्यावर मी आबांना मेथीचे सांगितले. आबा म्हणाले, "महाराज असते तर या स्वारांना चांगलं खडसावलं असतं." मला ते खरे वाटले नाही. म्हणून मी गुरुजींना विचारले. गुरुजींनी महाराजांच्या एका पत्राची गोष्ट सांगितली. १६७४ साली राज्याभिषेक झाला, त्याच्या आधी चिपळूणकडे घोडदळाची छावणी होती. तिथल्या अधिकाऱ्यांना महाराजांनी लिहिले की, दाणागोटा आणि गवत जपून वापरा, पावसाळाभर पुरले पाहिजे. लागेल ते बाजारातून विकत आणा. रयतेकडून काही ओरबाडू नका. रात्री दिवा जळत ठेवू नका, उंदीर पेटती वात नेईल आणि गवत पेटेल, असेसुद्धा त्यात आहे. एवढ्या मोठ्या राजाला उंदराचीही काळजी होती! मग आपल्याला मेथीची का नसावी?

काही मुले म्हणतात, लढाईशिवाय नाटकाला मजा येत नाही. ते बरोबर आहे. लढाई ठेवा. पण ती झेंड्यापलीकडच्या मैदानात करा. आणि एक प्रवेश नवीन घाला. घोडदळ पिकाजवळ येते. रयत पुढे होऊन म्हणते, "सरदार, बांधावरून जा." सरदार घोड्यावरून उतरतो आणि सगळे बांधावरून एका रांगेत जातात. वैरण घेतली तर पैसे मोजून देतात. हाही इतिहासच आहे. मग रयतेलाही वाक्य मिळेल.

खरे सांगायचे तर, चिंचा पाडायला जाताना मीही शेजारच्या काकूंच्या हरभऱ्यातून गेले होते. घाटेही खाल्ले. काकूंना ते अजून माहीत नाही. हे वाचल्यावर कळेल. आता मी लांबून जाते.

नाटकाला आठ दिवस आहेत. मेथी तीन-चार दिवसांत उगवते. घोडदळातल्या मुलांनी मधल्या सुट्टीत येऊन वाफे नीट करावेत. बी मी घरून आणीन. पाणी मात्र त्यांनी घालावे.

तुम्हाला काय वाटते ते मला सांगा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी
(नाटकात : रयत)