चिठ्ठीवर चार शब्द

मागच्या चौदा एप्रिलला आमच्या वस्तीत सातवीतली एक मुलगी भाषणाला उभी राहिली. ‘सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजन वर्ग...’ धडाधड सुरुवात झाली. दोन मिनिटांनी एक शब्द निसटला आणि सगळेच थांबले. पोर रडत खाली उतरली. भाषण मामाने लिहून दिले होते. शब्द भारदस्त होते, पण तिचे स्वतःचे एकही वाक्य त्यात नव्हते. मग विसरलेल्या शब्दाच्या जागी ती दुसरा आणणार कुठून? यात दोष मुलीचा नाही, आपला मोठ्यांचा आहे.

माझे सांगतो. बी.कॉम.ला असताना वर्गात बोलताना मी ‘आणि’ला ‘आनी’ म्हणालो. मागच्या बाकावर हशा पिकला. पुढे चार-पाच वर्षे मी कोणत्याही सभेत तोंड उघडले नाही. उच्चार जरूर सुधारावेत, पण ते सुधारेपर्यंत गप्प बसायचे का?

ही भीती मोडली ती आमच्या शेजारच्या मावशींनी. वस्तीत पाणी येत नव्हते म्हणून आम्ही पंधरा-वीस जण साहेबांकडे गेलो. मी निवेदन वाचले, साहेब फायलीतच बघत होते. मग धुणीभांडी करणाऱ्या मावशी पुढे झाल्या. ‘सायेब, नळाला पानी येतं रात्री दोनला. सकाळी सातला मला कामावर जायचं. मी झोपू कधी?’ साहेबांनी पेन खाली ठेवले.

तयारी नको असे मी म्हणत नाही. १७ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेत ध्येयांच्या ठरावावर चर्चा चालू होती. अध्यक्ष राजेंद्र प्रसाद यांनी अचानक बाबासाहेबांना बोलायला सांगितले. बाबासाहेबांनी उठून सांगितले, की यादीत आपल्याआधी वीस-बावीस नावे होती, पाळी उद्या येईल असे वाटले होते आणि आज काही तयारी नाही. तरीही ठरावातले नेमके उणे त्यांनी दाखवले. त्यात हक्क सांगितले होते, पण ते मोडले तर दाद कशी मागायची हे नव्हते. ही तयारी आदल्या रात्रीची नव्हती. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, त्याच्याही आधीपासूनच्या वाचनाची होती.

आपल्याकडे मात्र ‘मी काही वक्ता नाही, चूकभूल माफ करा’ म्हणायचा रिवाजच पडला आहे. बाबासाहेबांनी तयारी नाही म्हटले ते खरे होते म्हणून. आपण रिवाज म्हणून म्हणतो. ते वाक्य गाळा. पहिले वाक्य स्वतः पाहिलेल्या गोष्टीचे असू द्या. पूर्ण भाषण लिहू नका, चिठ्ठीवर चार शब्द पुरेत. घरात भाकरी करणाऱ्या आईला ते दोनदा ऐकवा. ‘म्हंजे काय?’ असे तिने जिथे विचारले, तिथले वाक्य बदला.

तीच मुलगी आता ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला बोलणार आहे. परवा चिठ्ठी घेऊन आली. वर लिहिले होते : आजी, अंगठा, बँक, सही. तिच्या आजीला तिनेच सही शिकवली आहे.

‘काका, यात क्रांतिज्योती कुठे घालू?’

म्हटले, ‘आधी आजीचे सांग.’