सलोख्याचा फोटो आणि सलोख्याचं काम

‘दीवान’ म्हणजे एका शायराच्या रचनांचा संग्रह, हे मी उर्दूच्या तासाला दरवर्षी सांगते. जर्मन कवी गटे यांनी हाफिज वाचून १८१९ साली आपल्या संग्रहाला ‘पश्चिम-पूर्व दीवान’ असं नाव दिलं होतं. त्यावरूनच १९९९ मध्ये एका वाद्यवृंदाचं नाव ठेवलं गेलं, ‘वेस्ट-ईस्टर्न दीवान’.

तो दोन मित्रांनी उभा केला. एक डॅनियल बारेनबॉइम, अर्जेंटिनात जन्मलेले, इस्रायलमध्ये वाढलेले ज्यू पियानोवादक. दुसरे एडवर्ड सईद, जेरुसलेममध्ये जन्मलेले पॅलेस्टिनी विचारवंत. जर्मनीतल्या वायमारमध्ये त्यांनी अरब आणि इस्रायली तरुण वादकांना एकत्र बसवलं. अशा वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवणारे दोघं एकाच स्टँडवरची स्वरलिपी वाचतात. शेजारच्याचं ऐकल्याशिवाय तिथं वाजवताच येत नाही.

‘याने काय झालं? युद्ध थांबलं का?’ हा प्रश्न रास्त आहे. युद्ध थांबलं नाही. गाझाची अवस्था आपण पाहतोच आहोत. पण वाद्यवृंद शांतता आणेल असा दावा बारेनबॉइम यांनीही कधी केला नाही. अज्ञानाविरुद्धचं काम, एवढंच ते त्याला म्हणत आले.

मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. हा माणूस ‘दोघंही चांगले, सगळे भाऊ-भाऊ’ असं म्हणून मोकळा झाला नाही. २००४ मध्ये इस्रायलच्या संसदेत वुल्फ पुरस्कार घेताना त्यांनी देशाच्या स्थापनेचा जाहीरनामाच वाचून दाखवला आणि व्याप्त प्रदेशातलं वागणं त्यात बसतं का, असं विचारलं. मंत्री संतापल्या. पुरस्काराची रक्कम त्यांनी संगीतशिक्षणाला दिली. २००५ मध्ये वाद्यवृंद रामल्लात वाजला. वादकांना तिथं पोहोचता यावं म्हणून स्पेनने राजनैतिक पासपोर्ट दिले होते. २००८ मध्ये बारेनबॉइम यांनी पॅलेस्टिनी पासपोर्ट स्वीकारला. २०११ मध्ये युरोपातले वादक घेऊन ते गाझात गेले आणि मोत्झार्ट वाजवला. सईद २००३ मध्येच गेले होते. दोघांच्या नावाची अकादमी आज बर्लिनमध्ये आहे.

एका बाजूने त्यांना गद्दार म्हटलं, दुसऱ्या बाजूने हा कब्जावर पांघरूण घालण्याचा प्रकार आहे असं म्हटलं. दुसरा आक्षेप मला हलका वाटत नाही. हक्कांचं न बोलता केलेली मैत्री ताकदवानाच्याच सोयीची असते. पण बारेनबॉइम हक्कांचंही बोलले, म्हणून त्यांची मैत्री मला खरी वाटते.

आपल्याकडे ईदला शीरखुर्मा होतो, दिवाळीला फराळ होतो, फोटो छापून येतो. मला ते आवडतं. पण त्याच गावात मुसलमानाला भाड्याने घर मिळत नाही, तेव्हा फोटोतली माणसं कुठं असतात? आणि आपल्या मोहल्ल्यात शेजारच्या समाजाबद्दल वाटेल ते बोललं जातं, तेव्हा आपण तरी तोंड उघडतो का? आपल्याच माणसांना प्रश्न विचारायचा, आणि तरीही समोरच्यासोबत बसून रियाज चालू ठेवायचा. ही दोन्ही कामं एकाच माणसाने केली तरच सलोखा या शब्दाला वजन येतं.